सामाजिक चिंताविकार

सामाजिक चिंताविकार : चारचौघांत आपल्याकडे पाहिले जाईल, आपले काहीतरी चुकेल आणि हसे होईल, या तीव्र व टिकून राहणाऱ्या भीतीचा मनोविकार. ‘सामाजिक भयगंड’ असेही त्याला म्हणतात. रोजच्या बोलण्यात तो बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, माणूसघाणा अशा स्वभावदर्शक शब्दांआड झाकला जातो. त्यामुळे उपचाराचा विचार उशिरा होतो.

स्वभाव आणि विकार : भिडस्त माणूस नव्या मंडळींत अवघडतो, पण हळूहळू रुळतो. विकारात भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असते, सहसा सहा महिने किंवा अधिक काळ टिकते आणि शिक्षण, नोकरी, नातीगोती यांच्या आड येते. छातीत धडधड, घाम, चेहरा लाल होणे, हात व आवाज कापणे, मन कोरे पडणे ही तिची शारीरिक-मानसिक लक्षणे होत. सुरुवात बहुधा किशोरवयात होते.

इतिहास : फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी १९०३ मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भयाचे वर्णन केले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान दिले. २०१३ च्या आवृत्तीत ‘सामाजिक चिंताविकार’ हे नाव मुख्य झाले.

भीती टिकते कशी : डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांच्या १९९५ च्या प्रारूपानुसार अशा व्यक्तीचे लक्ष समोरच्याकडे न राहता स्वतःकडे वळते, आपण कसे दिसतो याचे मनातले चित्रच तिला खरे वाटते. प्रसंग निभावण्यासाठी ती नजर चुकवते, मोजके बोलते, गाणे न लावताच कानांत इअरफोन घालते. घरी आल्यावर झालेले बोलणे पुनःपुन्हा उगाळते. प्रसंग टाळला की तात्पुरते हायसे वाटते, पण भीती खोटी ठरण्याची संधीही हुकते.

दैनंदिन जीवनावरील परिणाम : विकार मोठ्या सभेपेक्षा किरकोळ व्यवहारांत अधिक कळतो. उदाहरणार्थ, पश्चिम रेल्वेच्या विरार–डहाणू रोड पट्ट्यात १६ एप्रिल २०१३ पासून लोकल धावते; विरारनंतरचे पहिले स्थानक वैतरणा. भरल्या डब्यात पुढच्याला ‘वैतरणा?’, म्हणजे तेथे उतरणार का, असे विचारून दारापर्यंत वाट काढावी लागते. हा एक शब्द ज्याच्या तोंडून फुटत नाही, तो गाडी थांबून सुटेपर्यंत गप्प उभा राहतो आणि सफाळ्याला उतरून परतीच्या गाडीची वाट पाहतो. पुढे तो गर्दीची गाडीच सोडून देऊ लागतो. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम चोख असूनही मीटिंगमध्ये बोलावे लागेल म्हणून बढती नाकारणे, हात कापताना दिसेल म्हणून कॅन्टीनमध्ये एकट्याने जेवणे, ही त्याचीच रूपे. कांदेपोह्यांचा कार्यक्रम, हळदीकुंकू, बँकेतील खिडकी, अनोळखी नंबरचा फोन हेही डोंगराएवढे वाटतात. एकाकीपणा, नैराश्य आणि धीर यावा म्हणून दारूचा आधार हे पुढचे धोके होत.

विरार–डहाणू परिसरात मांगेली, वाडवळी, वारली अशा बोली घरोघरी बोलल्या जातात. बोलीवरून वर्गात हसे झालेले मूल गप्प होते. ते गप्प राहणे दरवेळी विकार नसते. तेथे आधी वर्गाने हसणे थांबवायला हवे.

उपचार : बोधात्मक वर्तनोपचार हा प्रमुख उपचार. त्यात भीतीची उतरंड मांडून सोप्या पायरीपासून सराव करतात : आधी सहप्रवाशाला वेळ विचारणे, मग ‘वैतरणा?’ म्हणणे, मग ‘सरका जरा, उतरायचंय’ असे मोठ्याने सांगणे. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) स्वतः लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभरात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलायचा सराव केला. एकीने भेटायचे कबूल केले, पण ती आलीच नाही. तरी भीती ओसरली. पुढे ‘लाजेवर हल्ला’ करण्यासाठी ते लोकांना रेल्वेच्या डब्यात स्थानकांची नावे मोठ्याने पुकारायला सांगत. ही विचारसरणी मराठीत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञ सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधे देतात.

मदत : २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना आढळले; हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे असले, तरी अशा विकारासाठी तेथे दाखल व्हावे लागते हा समज चुकीचा आहे. बाह्यरुग्ण उपचार बहुधा पुरतात. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. मात्र ज्याला फोनचीच धास्ती, त्याच्यासाठी पहिला फोन घरच्या कुणी लावून देणे आणि पुढचे बोलणे त्याच्यावर सोपवणे, ही उतरंडीतली पहिली पायरी ठरू शकते.