ग्राम्य कुणाला म्हणायचं?

उपमा, रूपक ही नावं आपली पोरं परीक्षेपुरती पाठ करतात. बाप बैलासारखा राबतो, ही उपमा. बाप बैलच झालाय, हे रूपक. मार्क मिळतात, विषय संपतो. पण मित्रांनो, ज्या शास्त्रानं अलंकारांची यादी केली त्यानंच दोषांचीही केली. तीही वाचा. त्यात एक दोष आहे : ग्राम्य.

सातव्या शतकाच्या सुमारास दंडीनं 'काव्यादर्शा'त मांडलं की रसाचा भार मुख्यतः अग्राम्यतेवरच असतो. म्हंजे गावंढळपणा टाळा, मगच रस. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त उदाहरणच दिलं. सुंदरीच्या वर्णनात 'कटि' म्हंजे कंबर हा साधा शब्द आला. झाला दोष!

आता गंमत बघा. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त विदूषक फुलांचं वर्णन करताना भात, म्हैस, दही असले शब्द वापरतो. मम्मट म्हणतो, शब्द ग्राम्य आहेत खरे, पण विदूषकाच्या तोंडी शोभतात. इथं दोषाचा गुण होतो. भात रोज सगळेच खाणार, पण कवितेत त्याचं नाव यायचं तर हसवण्यापुरतं. आणि हा विदूषक तरी कोण? जातीनं ब्राह्मणच. राबणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले शब्दसुद्धा त्यानंच उसने घ्यायचे.

ही वाटणी मम्मटाच्याही आधीची. भरताच्या नाट्यशास्त्रात सुरुवातीलाच सांगितलंय की शूद्रांना वेद ऐकता येत नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद. दार उघडलं, पण आत गेल्यावर भाषा वाटून दिल्या. राजाला संस्कृत, खालच्या पात्रांना प्राकृत, चांडाळाला आणखी वेगळी विभाषा. 'मृच्छकटिका'त चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे दोन चांडाळ त्यांच्याच बोलीत बोलतात. बोलतात, पण लिहिणारा दुसराच.

चौदाव्या शतकात चोखोबांनी अभंगात स्वतःच्या तोंडानं स्वतःचं दुखणं मांडलं. मधे ना राजकवी, ना विदूषक. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा तर पाळीच उलटली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाच कित्येक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. हजारेक वर्षं जी भाषा शास्त्राच्या परीक्षेत नापास होत होती, ती आता शिकवायला बसली.

म्हणून संज्ञा शिका. शिकायच्या नाहीत असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. हत्यार ओळखीचं असलेलं बरं. उद्या कुणी तुमच्या कवितेला ग्राम्य म्हणालं, तर चिडू नका, लाजूही नका. सरळ विचारा : कुठला शब्द? आणि तो कुणाच्या तोंडी चालला असता?