राक्सला आणि पुरी

इ. स. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ नावाचा संगणकीय खेळ रचला. अवकाशयान घेऊन एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचे, व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचे, असे त्याचे स्वरूप होते. खेळाच्या खोक्यात रॉबर्ट होल्डस्टॉक यांची ‘द डार्क व्हील’ ही छोटी कादंबरीही घातलेली असे. राक्सला या जागेचा उल्लेख प्रथम त्या कादंबरीत आला. हा एक दंतकथेतला ग्रह असून तेथे परक्या संस्कृतीने बांधलेले, दुसऱ्या विश्वांत उघडणारे दार आहे असे म्हणतात, एवढेच कादंबरी सांगते. पुढे तीस वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, ‘एलिट डेंजरस’ हा नवा खेळ आला. त्यात आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारमानाने, सुमारे चाळीस हजार कोटी ताऱ्यांसह उभी केली होती. या अफाट पसाऱ्यात राक्सला कोठेतरी ठेवलेला आहे, अशी ग्वाही खेळाच्या कर्त्यांनीच दिली. मात्र ठिकाण सांगण्यास त्यांनी नकार दिला.

तेव्हापासून हजारो खेळाडू राक्सला शोधत आले आहेत. त्यांनी आकाशाचे भाग वाटून घेतले, जुन्या कादंबरीतील वाक्यांचा कीस पाडला, ‘कॅनॉन’ नावाचे स्वतःचे संशोधनमंडळच उभारले. २०१८ च्या अखेरीस खेळातील माहितीकोशात राक्सलावर एक नोंद अवतरली आणि तिच्यातल्या कोड्यासारख्या ओळींवर नव्याने भाष्ये सुरू झाली. आकाशगंगेचा हजारात एक भागही अजून कोणी पाहिलेला नाही. तरीही हे लोक खचत नाहीत, आणि त्याला कारण आहे. याच खेळात ‘फॉर्मिडाइन रिफ्ट’ नावाच्या दूरच्या प्रदेशाचे गूढ खेळाडूंनी अशाच सामुदायिक खटपटीने उलगडले होते. २०१७ मध्ये तेथे ओसाड पडलेल्या वसाहती सापडल्या.

आम्हांला या खटाटोपात सर्वांत लक्षणीय वाटते ती नकाराची नोंद. अमुक तारा पाहिला, तेथे काही नाही, हे वाक्य खेळाडू तितक्याच निष्ठेने टिपून ठेवतात. पुढच्याचे श्रम वाचतात ते या वाक्यामुळे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. येथेही एक राक्सला आहे आणि तिचा शोध दोनशेहून अधिक वर्षे चालू आहे. तिचे नाव पुरी.

पुरीचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख ऐहोळे येथील शिलालेखात, शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५ मध्ये, येतो. दुसऱ्या पुलकेशीचा कवी रविकीर्ती आधी कोंकणच्या मौर्यांचा पाडाव वर्णितो. मग पश्चिम समुद्राची जणू लक्ष्मीच अशा पुरी नगरीवर राजाने मदमत्त हत्तींसारख्या शेकडो नौका कशा नेल्या ते सांगतो. दोन शतकांनी, शके ७६५ मध्ये, कान्हेरीच्या लेण्यातील शिलाहार पुल्लशक्तीच्या लेखात पुरी पुन्हा भेटते. त्यानंतर ठाण्याच्या शिलाहारांच्या दानपत्रांत ‘पुरीप्रमुख’ चौदाशे गावांचे कोंकण, हा शब्दप्रयोग जवळजवळ ठराविक होऊन बसला. म्हणजे सहाशे वर्षे ज्या नगरीच्या नावाने सारा उत्तर कोंकण ओळखला जात होता, ती नगरी होती याबद्दल तिळमात्र शंका नाही. ती कोठे होती, हे मात्र एकही लेख सांगत नाही. सांगणार तरी कशाला? वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊकच होते.

शोधाची सुरुवात १७८७ साली झाली म्हणावयास हरकत नाही. त्या वर्षी ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट मिळाला. लगेच त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापला गेला. या ताम्रपटाने विद्वानांच्या पुढ्यात दुसरेही एक हरवलेले नगर टाकले, ते तगर. शिलाहार स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत. तगराची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ते कोडे सुटले.

तगराचे नाव ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आणि टॉलेमीच्या भूगोलातही आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे पेरिप्लसचा कर्ता म्हणतो. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या त्याच पहिल्या खंडात लेफ्टनंट विल्फर्ड याने तगर म्हणजे देवगिरी असा निर्णय दिला. पंडित भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचविले. गंमत अशी की देवगिरी आणि जुन्नर या दोन्ही जागा पैठणच्या पूर्वेस नाहीतच. मोठमोठ्या पंडितांनी आपापल्या आवडत्या गावासाठी सूर्य उगवण्याची दिशा खुशाल बाजूस सारली होती! अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट याने धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव पुढे केले. तगर या शब्दातला ‘ग’ झिजून गेला की तेर उरते, आणि पैठणहून आग्नेयेला अंतरही जमते. लागलीच हेन्री कझिन्स तेथे जाऊन आला. गावातले त्रिविक्रमाचे मंदिर मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे त्याने ओळखले आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात तेरचे वर्णन छापले. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी तेथे उत्खनन केले. त्याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हयातभर शेतांतून, पांढरीतून वेचलेल्या वस्तूंचे आज तेरला संग्रहालय आहे. फ्लीटने निबंध लिहिला, कझिन्सने पायपीट केली आणि लामतुरे यांनी घर भरून खापरे जमविली. यांतला एक जरी वगळला तरी तगर आज इतक्या निःशंकपणे तेर ठरले नसते, असे आमचे मत आहे.

पुरीच्या वाट्याला असा योग आला नाही. ठाणे, कल्याण, सोपारे, चौल, बोरिवलीजवळचे मागाठाणे, मुरूडजवळची राजपुरी आणि मुंबई बंदरातली घारापुरी ही नावे एकोणिसाव्या शतकापासून पुढे येत राहिली. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या जागांची छाननी आहे. तिची तर्कपद्धती खेळाडूंनाही पसंत पडावी. शिलाहारांचे लेख पुरीबरोबरच श्रीस्थानक म्हणजे ठाणे आणि चेमूली म्हणजे चौल यांचीही स्वतंत्र नावे घेतात, तेव्हा ती दोन्ही गळतात. कल्याण खाडीत फार आत आहे. तेथे शेकडो नौकांचा हल्ला चढविणे अवघड. शूर्पारक हे नावही शिलाहारांच्या काळी निराळे नांदत होते. अशा रीतीने वजाबाकी करीत गेल्यावर अखेर झुंज उरते ती राजपुरी आणि घारापुरी यांच्यात.

राजपुरीची बाजू दुबळी नाही. तिची खाडी रुंद आणि खोल आहे, पुढ्यात जंजिरा आहे. आतल्या अंगास कुड्याची सव्वीस लेणी प्राचीन वस्तीची साक्ष देतात. मात्र शिलाहारांच्या राज्याचा गाभा जो ठाणे-साष्टी, त्यापासून ती बरीच दक्षिणेकडे पडते. घारापुरीच्या नावात पुरी आहेच. तेथील भव्य शैव लेणे सहाव्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे पुलकेशीच्या स्वारीआधीचे आहे. बेटावर कलचुरी कृष्णराजाची तांब्याची नाणी मिळाली. मोराबंदराच्या किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, रोमन मद्यकुंभांची खापरे आणि विटांची बांधकामे आढळली. मोरा हे नाव मौर्यांवरून आले असावे, अशी अटकळ गॅझेटियरच्या काळापासून आहे. आम्ही मात्र नामसादृश्यावर भिस्त ठेवण्यास कचरतो. मोर नावाचा पक्षीही आहे आणि उरणलाही एक मोरा बंदर आहे. रोमन खापरांवरून तेथे प्राचीन बंदर होते एवढे सिद्ध होते, त्या बंदराला लोक पुरी म्हणत होते हे सिद्ध होत नाही.

याविषयी एक चुटपुट लावणारी हकीकत दियोगो दो कूटो या पोर्तुगीज इतिहासकाराने नोंदविली आहे. घारापुरीच्या लेण्याच्या प्रवेशावर एक कोरीव लेखाची मोठी शिला होती. वसईचा मुलूख हाती आल्यावर पोर्तुगीजांनी ती काढून राजा तिसरा जुआंव याजकडे लिस्बनला पाठविली. राजाने ती वाचविण्याचा पुष्कळ यत्न केला, पण वाचणारा कोणी मिळाला नाही. पुढे ती शिलाच नाहीशी झाली. पुरीचे उत्तर कदाचित तिच्यावर असेल, कदाचित नुसती एखाद्या दात्याची नाममुद्रा असेल.

घारापुरीवर नेहमीचा आक्षेप असा की हे बेट फार लहान आहे. भरतीच्या वेळी त्याचा विस्तार जेमतेम दहा चौरस किलोमीटर भरतो. चौदाशे गावांची राजधानी एवढ्याशा जागेत, पावसाळ्यात तुटून पडणाऱ्या बेटावर कशी नांदेल? आक्षेप रास्त आहे. परंतु तो बेटाला एकटे पाडून पाहतो. नकाशा थोडा दूर धरला तर दिसते की घारापुरीच्या समोरच न्हावा, शेवा, उरण, उलवे हा किनारा आहे. त्याला लागून पनवेलची खाडी आत शिरते आणि तिला मिळणारी कासाडी नदी आमच्या रोडपालीच्या कडेने वाहते. या किनाऱ्यावर शिलाहारांचा वावर होता याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. उरणजवळ रानवड आणि चांजे येथे शेवटचा शिलाहार सोमेश्वर याचे, तेराव्या शतकाच्या मध्यातले शिलालेख मिळाले आहेत. हा सोमेश्वर पुढे यादव महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला, असे हेमाद्री सांगतो. बेट हे पुरीचे देवस्थान आणि नाका, तर समोरचा किनारा व खाड्या ही तिची वस्ती, भातशेती आणि जहाजांचा आसरा, अशी कल्पना केली तर आक्षेपातली हवा निघते. हा आमचा तर्क आहे, त्याला तर्काहून जास्त किंमत कोणी देऊ नये.

तर्क तपासायचा तर पायी हिंडायला हवे, गाव-गाव, बांध-बांध. साष्टीत २०१५ पासून असे काम झाले. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल केंद्राच्या पुढाकाराने अभ्यासक आणि हौशी विद्यार्थ्यांच्या तुकड्या मुंबईच्या उपनगरांतून फिरल्या आणि वीरगळ, गधेगळ, मंदिरांचे अवशेष, लेणी टिपत गेल्या. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख एका ग्रंथात संकलित करून १९७७ मध्ये पुढच्यांच्या हाती दिले. त्या लेखांतल्या गावांना जमिनीवर पुरावा शोधण्याचे हे काम आहे. अशा नोंदींत ‘येथे काही आढळले नाही’ या वाक्याला मोल असते. आपल्याकडे मात्र निबंध लिहिले जातात ते सापडल्याचे. न सापडल्याची वही घरातच राहते आणि लिहिणाऱ्याबरोबर जाते. त्यामुळे पुढचा संशोधक त्याच टेकडीवर पुन्हा चढतो. या एका बाबतीत राक्सला शोधणारी पोरे आमच्या विद्वानांहून शहाणी आहेत, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

त्यांच्या आणि आपल्या शोधात दोन भेद मात्र मोठे आहेत. राक्सला कोठे आहे हे जाणणारे कोणीतरी आहे, कारण त्यांनीच तो ठेवला. पुरीचे उत्तर कोणाच्याही तिजोरीत नाही. आणि खेळाच्या आकाशातला न पाहिलेला तारा दहा वर्षांनी गेले तरी जागेवर असतो. आमची खाडी जागेवर राहत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणची भातशेते, खाजणे, मिठागरे संपादनात गेली. १९८९ मध्ये घारापुरीच्या समोर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या सपाटीवर उद्घाटन पार पडले. रोडपालीत खारबांध आणि उघाड्या गेल्या, भराव पडला, सेक्टर आले, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती चढल्या. यात कोणाची तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही त्या भरावावरच्याच एका घरात राहतो. पण या मातीखाली शिलाहारकालीन खापर होते की नव्हते, हे आता येथे हिंडून कोणाला ठरविता येणार नाही. रोडपालीपुढे ‘आहे’ही लिहिता येत नाही आणि ‘नाही’ही.

उरली आहेत ती गावठाणे. नगररचनेच्या आखणीत मूळ गावांच्या वस्त्या जागच्या जागी राहिल्या. त्यांची देवळे, तळी, पारावर मांडलेले आणि शेंदूर चढवलेले जुने दगडही राहिले. अशा दगडांत कधीकधी गधेगळ निघतो. घराच्या पुनर्बांधणीसाठी पाया खणला जातो तेव्हा दोन दिवस जमिनीचे थर उघडे असतात, मग काँक्रीट पडते. त्या दोन दिवसांत कोणी खड्ड्यात डोकावून जे दिसेल ते, आणि काही न दिसल्यास तेही, तारीख घालून लिहून ठेवले तर पनवेल तालुक्यापुरती एक वही तयार होईल. तिच्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. पहिले पान रोडपालीचे असावे आणि त्यावर भरावाखालची जागा कोरीच सोडावी, असे आम्ही ठरविले आहे.