इतिहासाचा तास, चित्रकलेचा तास

शाळेच्या वेळापत्रकात काही तास भारदस्त मानले जातात, काही हलके. गणित, इंग्रजी, विज्ञान हे भारदस्त. इतिहास-नागरिकशास्त्र म्हणजे पाठांतर, आणि चित्रकला म्हणजे दुसरे शिक्षक रजेवर असले की वर्ग सांभाळण्याची सोय. आपल्या चळवळीनेही या वाटणीकडे फारसे लक्ष दिले नाही. प्रवेश मिळाला पाहिजे, वसतिगृह मिळाले पाहिजे, शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे, या मागण्या रास्तच होत्या. पण वर्गात उभे राहून आपल्या मुलाला ‘तू कोण’ हे सांगणारा माणूस कोण, हा प्रश्न मागे पडला. माझे म्हणणे असे की हा प्रश्न नेमका याच दोन हलक्या तासांत सुटतो किंवा कायमचा बिघडतो.

प्रश्न नवा नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी केली होती. असा शिक्षक त्या मुलांत मोकळेपणाने मिसळेल, हे त्यामागचे कारण. शाळा कोणासाठी, एवढेच विचारून फुले थांबले नाहीत. शिकवणारा कोण, हेही त्यांनी विचारले. त्यानंतर पाव शतकाच्या आत मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकरांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले गेले, तेव्हा सवर्ण मुले धावली ती फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलवायला. शाळा सरकारची, फळा सरकारचा. पण फळ्याभोवतीचा समाज मात्र मनूचा!

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाची फेरमांडणी करण्यासाठी 1952 साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. 1953 च्या अहवालात त्याने भाषा, सामान्य विज्ञान आणि एखादी हस्तकला यांच्या जोडीला प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘सोशल स्टडीज’ हा विषय सुचविला. म्हणजे इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांची एकत्र मांडणी. शिवाय ऐच्छिक विषयांचे सात गट केले. त्यांतला एक गट ललित कलांचा होता. असे निरनिराळे गट एका छताखाली शिकविणारी शाळा ती मल्टिपर्पज हायस्कूल. या साऱ्यावर अमेरिकन हायस्कूलची छाया दिसते. सोशल स्टडीज हे नाव तिकडे 1916 च्या एका शैक्षणिक अहवालाने रूढ केले. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास आटोपून लंडनला गेले. मुदलियार आयोगावर एक अमेरिकन सदस्यही होते. डॉ. केनेथ रास्ट विल्यम्स हे त्यांचे नाव; ते अटलांटा येथील दक्षिणेकडील राज्यांच्या शिक्षण मंडळाचे अधिकारी होते.

अटलांटा हे नाव वाचून आपण थांबले पाहिजे. त्या वेळी तिथल्या शाळा कायद्यानेच गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. लोकशाहीचा नागरिक घडविणारा विषय अशा प्रदेशाच्या ओळखीतून आपल्याकडे येत होता, आणि येत होता तो अशा देशात की जिथे संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली होती, पण गावाची विहीर ते कलम मानायला तयार नव्हती.

मग काळ्यांच्या त्या वेगळ्या शाळांत काय चालले होते? कृष्णवर्णीय कवी आणि कादंबरीकार आपल्याला ठाऊक आहेत. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन 1972 साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. पण त्यांचे शाळामास्तर आपल्याला ठाऊक नाहीत. कार्टर वुडसन हा गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. कोळशाच्या खाणीत राबला, 1912 साली हार्वर्डचा डॉक्टर झाला, आणि वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय हायस्कूलमध्ये शिकवत राहिला. पाठ्यपुस्तकात आपली माणसे नाहीत, हे पाहून त्याने 1926 साली ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला आणि 1937 पासून शाळाशिक्षकांच्या हाती पडेल असे इतिहासाचे नियतकालिक चालविले. त्याच शहरात अल्मा थॉमस ही चित्रकलेची शिक्षिका 1924 ते 1960 अशी 35 वर्षे एका ज्युनिअर हायस्कूलमध्ये शिकवत होती. कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे मिळवून तिने ती शाळेतल्या मुलांसमोर मांडली. चित्र काढणारा हात आपल्यासारखाही असतो, हे मुलांना डोळ्यांनी पाहता आले. 1972 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. हा विजय मोठाच. परंतु पुढे दक्षिणेत शाळा एक होऊ लागल्या, तेव्हा काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत आली आणि हजारो काळे शिक्षक घरी बसविले गेले. विद्यार्थ्याला दार उघडले, शिक्षकाला बंद झाले. वेगळेपणाचे समर्थन कोणी करू नये. पण समतेचा हिशेब केवळ हजेरीपटावर करता येत नाही, एवढे या अनुभवातून शिकावे.

आपल्याकडे या हिशेबाची दुसरी बाजू बाबासाहेबांनी ओळखली होती. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, आणि 1955 साली तिथेच मिलिंद मल्टिपर्पज हायस्कूल सुरू झाले. मिलिंद महाविद्यालयाचे म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यांचा युगायुगांचा प्रवास त्यांनी रंगमंचावर आणला. इतिहासाचा तास आणि कलेचा तास तिथे एकच झाला. चिटणीस जन्माने दलित नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. प्रश्न केवळ शिक्षकाच्या जातीचा नसतो, तो कोणाच्या बाजूने उभा आहे याचाही असतो. मात्र हा युक्तिवाद आपल्या माणसांना नेमणुका नाकारण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो ढोंग ठरतो.

मल्टिपर्पज योजना फार काळ टिकली नाही. कोठारी आयोगाने (1964-66) पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण सुचविले आणि गट मागे पडले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षक आहे, पण तो सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच, आणि तोही अंशकालीन! पन्नास-साठ मुलांच्या खेड्यातल्या शाळेला चित्र काढायचा अधिकार नाही असाच याचा अर्थ.

डोणगाव हे मेहकर तालुक्यातले गाव. या भागात मी शिकलो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेले नव्हते. शाळेत महाडचा सत्याग्रह अर्ध्या तासात उरकला गेला, उरलेले ‘घरी वाचा’. घरी वाचून दाखविणारे कोणी नव्हते. पण ड्रॉइंगच्या सरांनी एकदा ‘आपले घर काढा’ म्हणून सांगितले. मी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, लाल कौलांचे घर आणि नारळाचे झाड काढले. सरांनी कागद पाहिला. म्हणाले, “हे कोणाचं घर रे? डोणगावात नारळ कुठं पाहिलास?” मग नवा कागद दिला. त्यावर मी टिनाचे छप्पर काढले, पाण्याची कोठी काढली आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर काढली. माझे घर कागदावर काढण्याजोगे आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आज माझ्या वर्गात बसणारी पुष्कळ मुले त्यांच्या घरातली पहिलीच. त्यांना मी 20 मार्च 1927 शिकवतो तेव्हा तारीख पाठ करून घेत नाही. तळ्याचे चित्र काढायला सांगतो, आणि त्या चित्रात आपण कुठे उभे आहोत ते दाखवायला सांगतो. हे तास हलके समजणाऱ्यांनी ती चित्रे एकदा येऊन पाहावीत.