शब्द येतात कोठून, टिकतात कशाने?

वाईला शिक्षकांच्या एका शिबिरात विज्ञानाच्या परिभाषेवर बोलून आम्ही खाली बसलो, तोच मागच्या रांगेतले एक गुरुजी उठले. "प्राणवायू लिहायचे की ऑक्सिजन, एवढे एकदा सांगा. पोरांचे मार्क जातात." आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. मराठी विश्वकोशाच्या गावात असा प्रश्न यावा आणि आमच्यापाशी उत्तर नसावे, याची रुखरुख मात्र राहिली. पुढे लक्षात आले, की हा प्रश्न रसायनशास्त्राचा नसून इतिहासाचा आहे.

ज्या इंग्रजीतून आपण शब्द घेतो, तिचेच पाहा. नवव्या-दहाव्या शतकांत डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात उतरले. आधी लढाया झाल्या, मग शेजार झाला आणि सोयरिकीही झाल्या. 'एग', 'स्काय', 'सिस्टर' हे शब्द त्यांचे. इतकेच काय, 'ते' या अर्थाचे 'दे' हे सर्वनामही त्यांचेच. सर्वनाम उसने घेण्याइतकी जवळीक भाषांमध्ये क्वचितच होते. सांगली जिल्ह्यात जतच्या बाजूला मराठी आणि कानडी अशाच शेजारी नांदतात. आपल्या घरातले 'अक्का' आणि 'अण्णा' कानडीकडून आले, आणि ताटातले 'तूप'ही. त्यासाठी कोणी हुकूम काढला नव्हता.

हुकमाने येणाऱ्या शब्दांची तऱ्हा वेगळी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि राज्यकारभारात फ्रेंच शिरली. 'कोर्ट', 'जज', 'टॅक्स' हे सारे तिकडचे. लोकांना ती भाषा कळत नाही म्हणून १३६२ साली कायदा झाला, की न्यायालयात इंग्रजीतच बोलावे. गंमत अशी, की तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्येच! पुढे न्यायालयातली फ्रेंच गेली, 'कोर्ट' मात्र राहिले. तेच पुढे साताऱ्यापर्यंत आले.

आपल्याकडे फ्रेंचच्या जागी फारसी होती. साताऱ्याचा किल्ला १६७३ पर्यंत आदिलशाहीत होता. दफ्तरातली मराठी त्या काळी कशी होती, हे वि. का. राजवाडे यांनी मोजून दाखविले. (वाईत सापडलेल्या जुन्या कागदांवरूनच त्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड १८९८ साली निघाला.) १६२८ च्या एका पत्रात त्यांना २३६ शब्दांपैकी २०२ फारसी आढळले, १७२८ च्या पत्रात १२७ पैकी अवघे ८. मधल्या काळात, १६७४ साली, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्यांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. मुजुमदाराचा 'अमात्य' झाला, सुरनिसाचा 'सचिव', सरनौबताचा 'सेनापती'.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे आकडे थोडे अस्वस्थ करतात. एक-दोन पत्रे म्हणजे नमुना नव्हे, आणि वसुलीचा कागद व घरगुती पत्र यांची तुलना करणे बरोबर नाही. तरी बदलाची दिशा खरी असावी, कारण जुने कागद चाळणाऱ्याला ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. शिवाय, जे बदलले नाही तेही पाहावे. शाहू महाराजांच्या साताऱ्यात बाजीरावाच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' असे कोरलेले होते. लोक मात्र 'पेशवे'च म्हणत राहिले. आजही शेतकरी 'जमिनी'च्या 'हद्दी'चा 'नकाशा' घेऊन 'वकिला'कडे जातो. हे चारही शब्द फारसीच्या वाटेने आलेले. कोशाने वरची पदे बदलली. बांधावरचे शब्द त्याच्या हाती लागले नाहीत.

शाळेतही तेच. 'हजेरी' मूळ अरबी, 'कागद' आणि 'शाई' फारसी, 'बाक' पोर्तुगीज. महिनाअखेरचा 'पगार'ही पोर्तुगीजच, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकिवात नाही. विज्ञानाच्या तासाला येणारी 'दुर्बीण' फारसी आहे. तिच्या शेजारचा 'सूक्ष्मदर्शक' संस्कृतातून घडविलेला. दोन्ही टिकले. 'हवामाना'त तर हवा अरबी आणि मान संस्कृत, आणि हा सांधा वर्गात कोणालाही खुपत नाही.

आता ऑक्सिजन. हे नाव लव्हाझिएने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिले. त्याचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा', कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच अशी त्याची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, हे १८१० च्या सुमारास डेव्हीने दाखविले. म्हणजे नाव चुकीचे ठरले, पण तोवर ते रुळले होते. आपला 'प्राणवायू'ही निर्दोष नाही. योग आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्राण हा शरीरातल्या पाच वायूंपैकी एक, आणि त्याचा या मूलद्रव्याशी काही संबंध नाही. शब्दाच्या अर्थावर वाद घालून निकाल लागायचा नाही. २०२१ च्या साथीत खेड्यापाड्यांतले नातेवाईक सिलिंडरसाठी धावत होते, तेव्हा त्यांच्या तोंडी 'ऑक्सिजन' होता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'प्राणवायू'ही होता.

ते गुरुजी पुन्हा भेटले तर आम्ही सांगू, की मुलाने दोहोंपैकी काहीही लिहिले तरी पूर्ण मार्क द्या. फक्त जळती मेणबत्ती पेल्याखाली का विझते, हे त्याला विचारा. आणि उत्तर त्याच्या घरच्या बोलीत आले तरी चालेल.