परवानाधारक सावकारांचे हिशेब व विवरणे

सावकारीचा परवाना असलेल्या व्यक्तीने किंवा पेढीने कर्जव्यवहाराबाबत ठेवावयाच्या वह्या आणि ऋणको व शासन यांना द्यावयाची माहिती. महाराष्ट्रात यासाठी ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ लागू असून त्याची अंमलबजावणी सहकार खाते करते. जिल्ह्यात जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्यात सहायक निबंधक हे काम पाहतात.

पूर्वेतिहास : आजच्या महाराष्ट्राच्या सर्व भागांत आधीचा कायदा एकच नव्हता. उदाहरणार्थ, लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. त्या राज्याने सावकारांसाठी फसली १३४९ (इ. स. १९३९-४०) मध्ये कायदा केला होता. राज्यपुनर्रचनेत तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि पुढे येथे ‘मुंबई सावकार अधिनियम, १९४६’ लागू झाला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. २०१४ च्या अधिनियमाने जुन्या कायद्यातील हिशेबाची चौकट बव्हंशी कायम ठेवली.

नोंदी : सावकाराने विहित नमुन्यात रोजकीर्द व खतावणी ठेवावी लागते. कर्ज दिल्यापासून सात दिवसांत ऋणकोला रक्कम, तारीख, मुदत, तारण व व्याजदर दाखवणारे विवरण द्यावे लागते. परतफेडीची कोणतीही रक्कम पावतीशिवाय घेता येत नाही. खरी रक्कम न लिहिलेला किंवा कोऱ्या जागा सोडलेला कर्जरोखा करून घेणे गुन्हा आहे. कर्ज फिटल्यावर कागदांवर तशी न पुसणारी खूण करून गहाण वस्तू परत करावी लागते.

विवरणे : ऋणकोला दरवर्षी त्याच्या खात्याचा सहीनिशी उतारा द्यावा लागतो. उताऱ्यावर हरकत घेतली नाही म्हणून तो ऋणकोला मान्य आहे असे धरले जात नाही. कर्जांची माहिती सहायक निबंधकाकडेही जाते. त्याला वह्या तपासता येतात.

व्याज : २०१४ मध्ये ठरलेले वार्षिक दर शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जास ९ व विनातारण कर्जास १२ टक्के, तर इतरांसाठी अनुक्रमे १५ व १८ टक्के आहेत. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येत नाही. खतावणीशिवाय या दोन्ही मर्यादा तपासणे अशक्य असते.

परिणाम : हिशेब नीट न ठेवणाऱ्या सावकाराच्या दाव्यात न्यायालय व्याज व दाव्याचा खर्च नाकारू शकते. २०१५ मध्ये शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे फेडण्याची योजना आणली. तेव्हा परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेली कर्जे सुरुवातीस तीतून वगळली गेली. त्यामुळे कर्ज कोणी, कोणाला व कोठे दिले या नोंदीवर शेतकऱ्याची कर्जमाफीही अवलंबून राहिली.