ताकदीची गोळी

सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा मार्गावरचं माझं गाव. अशक्तपणा, हातापायाला मुंग्या, चक्कर, उडालेली झोप, कशावरही इथे पहिला उपाय ठरलेला: मेडिकलमधून ‘ताकदीची गोळी’ आणायची. म्हणजे बी-कॉम्प्लेक्स. एचआयव्हीच्या औषधांमुळे रात्री भलतीसलती स्वप्नं पडायला लागली, तरी ज्याला घरातही सांगता येत नाही तो माणूस हीच गोळी मागणार. कारण ती मागताना कोणी ‘कशासाठी?’ असं विचारत नाही.

पण तिचा उपयोग होतो का? याचं उत्तर शोधायला एचआयव्हीच्याही मागे जावं लागतं.

१९५२ साली क्षयावर आयसोनियाझिड हे औषध आलं. रुग्ण सुधारू लागले, पण काहींच्या पायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, काहींच्या मनावरही परिणाम व्हायचा. दोनच वर्षांत कारण सापडलं: या औषधामुळे शरीरातलं बी-६ कमी पडतं. मेंदूला शांत ठेवणारं एक रसायन तयार व्हायला हेच बी-६ लागतं. १९६३ मध्ये मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने दाखवलं, की रोजची अगदी थोडी बी-६ची मात्राही नसांचा त्रास टाळते. जे कमी पडत होतं तेच भरून दिलं आणि प्रश्न सुटला.

एचआयव्हीच्या औषधांची गोष्ट वेगळी निघाली. १ एप्रिल २००४ रोजी भारतात सरकारी एआरटी मोफत सुरू झाली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. क्षय आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्यांना नेव्हिरापिनऐवजी एफाव्हिरेन्झ दिलं जायचं, कारण क्षयाचं रिफाम्पिसिन नेव्हिरापिनची शरीरातली पातळी खाली आणतं. पुढे टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिनसोबत रोज एकच गोळी म्हणून एफाव्हिरेन्झ सगळीकडे पोचलं.

हे औषध थेट मेंदूपर्यंत जातं. चक्कर, जिवंत वाटणारी स्वप्नं, कधी उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. म्हणून ते झोपताना घ्यायला सांगत, आणि तेलकट जेवणानंतर नको, कारण तुपातेलाने त्याची रक्तातली पातळी वाढते. काहींचं यकृत जन्मतःच हे औषध हळू मोडतं. त्यांना त्रास जास्त. इथे शरीरात काही कमी पडलेलं नाही, उलट औषधच जास्त साठलंय. मग जीवनसत्त्व काय भरून काढणार? २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ६००ऐवजी ४०० मिलिग्रॅम दिलं, तर विषाणू तितकाच दबला आणि औषधाचे त्रास कमी झाले. म्हणजे इलाज मात्रेत होता.

जीवनसत्त्वांवर फार भरवसा ठेवला की काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेने पाहिलं. तिथे मथियास राथ नावाचा जीवनसत्त्वांचा व्यापारी एआरटीला विषारी म्हणत आपल्या गोळ्या वाटत होता. २००८ मध्ये केप टाऊनच्या उच्च न्यायालयाने त्याला रोखलं. टांझानियातल्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलं होतं, की एआरटी न मिळालेल्या गरोदर बायकांचा आजार मल्टिव्हिटॅमिनने सावकाश वाढतो. पण २०१२ च्या चाचणीत, एआरटी चालू असताना मोठी मात्रा देऊन काहीच फायदा झाला नाही. उलट यकृताच्या तपासणीतले आकडे बिघडले.

आता आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एफाव्हिरेन्झची जागा डोल्युटेग्राव्हिरने घेतली आहे. त्यानेही काहींची झोप उडते. आणि ताकदीच्या गोळीत लोह, कॅल्शियम किंवा जस्त असेल, तर ते पोटात या औषधाला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून उपाशीपोटी दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत. औषध अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं लागतं.

माझ्या कामात एक नियम रोज कामी येतो: दोन चुका पडद्यावर सारख्या दिसल्या म्हणून त्यांचं कारण एक नसतं. मुंग्या येणं आणि झोप उडणं दोन्ही ‘नसांचं’ वाटतं, पण एकात बी-६ हवं असतं, दुसऱ्यात मात्रा किंवा औषध बदलावं लागतं. हे केंद्रावरच्या डॉक्टरला विचारूनच कळतं. न विचारता औषध बंद केलं, तर विषाणू त्याला सरावतो आणि पुढची वाट अरुंद होते.

म्हणून स्वप्नांबद्दलही डॉक्टरशी बोला. आणि मेडिकलमधून काय आणलंत, तेही सांगा.