पहाटेची रुसलेली मोटार

डिसेंबर-जानेवारीत आजऱ्याला पहाटे हिरण्यकेशीच्या खोऱ्यात धुके दाटते. घनसाळ भाताची मळणी उरकलेली असते, काजूच्या पानांवरून दव ठिबकत असते. अशा वेळी गावातली एखादी जुनी मोटार हमखास अडून बसते. पाणी गोठावे इतकी थंडी इथे कधीच पडत नाही. तरीही सगळे म्हणतात, थंडीमुळे गाडी बसली.

आमच्या एका शिक्षक स्नेह्यांची कार्ब्युरेटरवाली जुनी पेट्रोल मोटार अशीच बसली. त्या पहाटे त्यांना आईला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला न्यायचे होते. स्टार्टर दोनदा कण्हला, तिसऱ्या वेळी नुसता 'टक्' असा आवाज आला. तारीख हुकली आणि पुढची मिळाली ती महिन्यानंतरची. सरांनी नवी बॅटरी घेतली. आठवड्याभरात पुन्हा तेच! गंमत म्हणजे तीच गाडी दुपारी पहिल्या चावीला सुरू होई. सर गाडी विकायला निघाले होते. आम्ही म्हटले, विकण्याआधी तिचा इतिहास तरी पाहू.

इंजिन सुरू होण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात: पेट्रोलची वाफ, ठिणगी आणि इंजिनाला पुरेसा वेगवान फेरा. या तिन्हींचा बंदोबस्त माणसाने एकदम केला नाही.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या जर्मन बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण गेले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून 'लिग्रोइन' विकत घेतले. मोटारदुरुस्तीचा पहिला धडा म्हणून हा प्रवास शाळेत सांगण्याजोगा आहे. दोष कुठे आहे ते शोधायचे आणि तेवढेच दुरुस्त करायचे, हे बाईंनी न शिकता केले.

लिग्रोइन हा खनिज तेलाचा हलका, चटकन उडून जाणारा भाग. त्या काळच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची नुसती वाफ होऊ द्यायची, एवढीच सोय होती. १८९३ मध्ये विल्हेल्म माइबाख याने बारीक तोटीतून इंधनाचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर आणला. पण फवारा म्हणजे वाफ नव्हे. जळते ती वाफ, थेंब नव्हे. गार इंजिनात पेट्रोलचा फक्त हलका भाग वाफ होतो, बाकीचा नळीच्या भिंतींवर ओला चिकटून राहतो. उपाय सोपा निघाला: हवा अडवायची आणि पेट्रोल जास्त ओढू द्यायचे. हाच 'चोक'. आजऱ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा पंप त्याने पाहिलेला असतो. रॉकेल गार इंजिनात पुरेसे उडत नाही म्हणून आधी पेट्रोल, इंजिन तापले की रॉकेल.

वाफेची सोय झाली तरी इंजिन फिरवायचे कोणी? पहिली कित्येक वर्षे माणसानेच, समोर हँडल घालून. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर बसे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते याच हँडलामुळे.

या हँडलाला पर्याय शोधला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. तो आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे त्याने गल्ला विजेवर उघडण्याची सोय केली होती. तेव्हा त्याच्या लक्षात आले, की क्षणभरच काम करायचे असेल तर लहानशा मोटरकडूनही झेपेल त्याच्या कितीतरी पट काम करून घेता येते, कारण तापून जळण्याआधी तिचे काम संपलेले असते. १९११ मध्ये त्याने विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला तो बसला. आमच्या मते मोटारीच्या इतिहासातली ही फार मोठी उडी. हँडल मारायला दणकट हात लागत, चावी फिरवायला लागत नाहीत.

मात्र हँडलाचा भार आता बॅटरीवर आला. शिसे आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शोधली होती. ती चालते रासायनिक क्रियेवर, आणि तापमान उतरले की क्रिया मंदावते. २७ अंश सेल्सिअसला तिची स्टार्टर फिरवण्याची ताकद १०० धरली, तर ० अंशाला ती सुमारे ६५ उरते आणि उणे १८ ला सुमारे ४०. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट होते. जुन्या गाड्यांत घालायचे ४० नंबरचे साधे तेल ३० अंशांवरून १० अंशांवर आले की तिप्पट-चौपट दाट होते. म्हणजे देणारा अशक्त आणि मागणारा अधाशी! पुढे '२० डब्ल्यू ४०' अशी तेले आली. त्यातला 'डब्ल्यू' हा इंग्रजीतल्या हिवाळ्याचा.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाटला १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळाले. चोक, कार्ब्युरेटर, प्लॅटिनम पॉइंट हा सगळा जुना संसार तिच्यात होता. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंधन मोजून फवारणारी संगणकी यंत्रणा आली आणि नव्या मोटारींतून चोक गेला. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गावोगावी मात्र त्या पिढीच्या गाड्या अजून आहेत आणि त्यांचे दुखणे ओळखणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत.

आता सरांच्या गाडीकडे वळू. धुक्यातल्या पहाटे आम्हाला पहिला संशय आला तो दमटपणाचा. रात्री उघड्यावर बॉनेटचा पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि आतल्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात दव धरते. मग ठिणगी प्लगपर्यंत न पोचता ओल्या पृष्ठभागावरून भलतीकडेच पळते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसले. फरक नाही. तसे नवल नव्हतेच. ठिणगी चुकत असती तर स्टार्टर जोमाने फिरला असता आणि इंजिन नुसतेच पेटले नसते. इथे फिरणेच मंद होते. ही खूण आधी पाहायला हवी होती. आम्हीही घाई केली.

बॅटरी नवी, उभ्या गाडीत तिचा दाब १२.६ व्होल्ट. म्हणजे ती भरलेली होती. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरले आणि सरांना चावी फिरवायला सांगितले. या दोन जागा एकाच जाड तारेने जोडलेल्या, तेव्हा काटा जेमतेम हलायला हवा. तो २ व्होल्टवर गेला!

विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे. स्टार्टर सुमारे १०० अँपिअर प्रवाह घेतो असे धरा. २ व्होल्ट भागिले १०० अँपिअर, म्हणजे रोध ०.०२ ओहम. प्रयोगशाळेतल्या साध्या मीटरला तो धड मोजताही येणार नाही. पण १०० अँपिअरला तेवढ्या रोधात २०० वॉट शक्ती उष्णता होऊन जाते. हात लावला तर सांधा खरोखरच कोमट लागला.

आणि दुपारी? रोध दुपारीही होताच. फक्त तेल पातळ, पेट्रोलची वाफ भरपूर, बॅटरी तरतरीत, म्हणून उणीव भरून निघे. पहाटे इंजिन जड फिरते, मोटर जितकी मंद फिरते तितका जास्त प्रवाह ओढते, प्रवाह वाढला की सांध्यात जास्त व्होल्ट अडकतात, आणि मोटर आणखी मंद होते. शिवाय ठिणगीच्या कॉइललाही उरलेलाच दाब मिळतो, म्हणून ठिणगीही फिकी. जुन्या बॅटरीचा दोष नसताना सरांनी तिला काढून टाकले होते.

बॅटरीची तार सोडवली, आधी ऋण बाजूची. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, तेव्हा ठिणगी आणि विडी दोन्ही दूर हवीत. चॅसिसला जिथे तारेचे टोक बोल्टने आवळले होते तिथे गंज आणि जुना रंग होता. पॉलिश पेपरने घासून लखलखीत केले, बोल्ट आवळला, वर थोडे ग्रीस लावले. मीटरवर आता ०.२ व्होल्ट. खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा.

पुढच्या तारखेला सर पहाटे पाचला आईंना घेऊन निघाले. धुके होतेच. चोक ओढून दुसऱ्या चावीला गाडी सुरू झाली. पहिल्या चावीला का नाही, हे सरांनी आम्हाला संध्याकाळी फोनवर विचारले.